ओळखीचा ताप

“वहिनी, काल उत्तमदादांना बाहेर काढलं,” राघो म्हणाला आणि टोपलीतला पेंढा बोटांनी सारखा करू लागला.

गोदाचा हात तेव्हा खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली होता. आत पिसांची ओलसर ऊब होती आणि त्या उबेत एक अंडं तिच्या बोटांना लागलं होतं. तिने ते धरलं नाही, सोडलंही नाही. बाहेर काढलं म्हणजे कुठून? तिच्या मनात आधी आलं ते खाडीकाठचं मसण. पण तिथे काय उरलं होतं? नवऱ्याची राखसुद्धा उरली नव्हती. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, भिवाने, ती ओहोटीच्या पाण्यात सोडली, तेव्हा पाणी एवढं मागे गेलं होतं की बरीचशी चिखलावरच पडून राहिली, आणि कोणीतरी म्हणालं, राहू द्या, भरती येईल. राघो आपला बोलतच होता. हा डोंबिवलीचा, मुंबईच्या एका प्रयोगशाळेतला शिपाई. कामावर जाता जाता कोपरीला उतरायचा आणि गोदाकडची अंडी घेऊन पुढे जायचा. तो म्हणत होता, की दादा पेटीत निजलेले, दीड वर्ष हूं नाही की चूं नाही, पण अंड्यात घातल्या घातल्या जागे झाले, आपण स्वतः बघायला गेलेलो. मग त्याने गोदाच्या तोंडाकडे पाहिलं आणि जीभ चावली. तुम्हाला सांगितलं नव्हतं होय कोणी, असं काहीसं पुटपुटला. मागच्या साथीत नीलाबाई, म्हणजे प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई, दादांच्या घशातलं पाणी बाटलीत घेऊन गेल्या होत्या ना, त्यातून तो ताप वेगळा काढला, वाढवला, वाळवला आणि काचेच्या नळीत बंद करून ठेवला. नळीवर नंबर आहे, पण नंबर कोणाच्या ध्यानात राहतो? तिथे सगळे त्याला उत्तम म्हणतात. आता कल्याणला ताप सुरू झालाय. तोच आहे की नवा, हे बघायचं तर जुना जागा करून शेजारी ठेवायला लागतो. तेव्हा पुढच्या खेपेला अंडी दुप्पट पाहिजेत. एवढं सांगून तो टोपली उचलून स्टेशनच्या दिशेने निघून गेला, आणि गोदा तशीच खुराड्यापाशी उकिडवी बसून राहिली.

उन्हं वर आली तरी तिच्या हातून काही होईना. माघ चालू होता, खाडीवरून खारट, गार वारा येत होता, पलीकडे मिठागरात बाया मिठाच्या पाट्या डोईवर घेऊन बांधावरून चालल्या होत्या. जागे झाले. माणूस जागा होतो म्हणजे आधी कूस बदलतो, घसा खाकरतो, पाणी मागतो. उत्तम तर उठल्या उठल्या कोणाशी बोलत नसे. तांब्या पुढे केला तर घ्यायचा, न केला तर रागाने भिंतीकडे बघत बसायचा. अंड्यात तो कसा जागा होणार? आणि कोणाच्या अंड्यात? तिला आपल्या प्रत्येक कोंबडीचं अंडं ओळखता येई. तुरा फाटलेल्या पांढरीचं लांबट, ठिपकीचं एका टोकाला खरखरीत. तिने दिवा धरून किती अंडी पाहिली होती. आत लाल शिरांचं जाळं, मध्ये एक काळा ठिपका, आणि तो हलतो. त्या जाळ्यात कुठेतरी तिच्या नवऱ्याचा ताप जाऊन बसला होता. नवऱ्याचा, की नवराच? हा प्रश्न वेडगळ आहे हे तिला कळत होतं, तरी तो जाईना. दाताच्या फटीत मासळीचा काटा अडकावा, जिभेने सारखा हुडकावा, तसं ते चाललं होतं.

कोंबड्या हा त्या घरात पहिल्यापासून भांडणाचाच विषय. उत्तमच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावरचे. खारं पाणी कोंडीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात घ्यायचं, तापू द्यायचं, ऊन आणि वारा यांची वाट बघायची. त्यांच्या लेखी कमाई म्हणजे एवढंच. पुढे मिठागरं कमी झाली, उत्तम गिरणीत लागला, पण बांधाकडेचा एक तुकडा त्याने सोडला नाही. फाळणीनंतर कोपरीला निर्वासित सिंधी लोकांची वसाहत पडली आणि तिथल्या बाया दारोदार अंडी विचारू लागल्या, तेव्हा गोदाने चार पिल्लं आणली. चाराची चाळीस झाली. उत्तम जेवताना म्हणायचा, घराला घाण मारते. मग नीलाबाई आल्या. खादीचं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, उन्हाने लाल झालेलं तोंड. त्यांना कोंबडा लागलेली, जीव धरणारी अंडी हवी होती, तीही निरोगी कोंबड्यांची, आणि धुतलेली नकोत. खायला नव्हे म्हटल्यावर गोदाला नवल वाटलं, पण तिने विचारलं नाही. गिऱ्हाईक अंड्याचं काय करतं ते आपण कशाला विचारायचं? उत्तमने मात्र विचारलं होतं. लसबिस करायला लागतात, असं उत्तर मिळाल्यावर तो हसला होता. त्याचं ते हसू गोदाला आवडत नसे. खरं म्हणजे त्याचं काय आवडायचं, हे ती आता आठवायला बसली तर मधेच वाट चुकायची. त्याच्या मानेवर उन्हाने पडलेल्या चिरा, त्यांत मीठ साचायचं. ते आवडायचं? की त्याची सवय होती? तो गेल्यावर लोकांनी तिला रडताना पाहिलं होतं, ती मनापासून रडली होती. पण रडण्याच्या तळाशी एक मोकळी जागा होती आणि त्या जागेला काय म्हणावं हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही कळत नव्हतं.

ताप आधी तिलाच आला होता. पाऊस तोंडावर आलेला, हवा चिकट, वसाहतीत घरोघरी माणसं कण्हत पडलेली. ती तिथे अंडी द्यायला जायची. अंग मोडून आलं, डोळ्यांत मिरच्या घातल्यासारखं झालं, आणि चार दिवसांत ती उठली. मग उत्तम पडला. पडल्या पडल्या म्हणाला, तूच आणलास, तुझ्या कोंबड्यांतून. तो तापात बोलतोय म्हणून तिने सोडून दिलं, पण सुटलं थोडंच? नीलाबाई त्याच सुमाराला अंड्यांसाठी आल्या, खाटेजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला मिठाच्या पाण्याने गुळणी करून ती बाटलीत टाकायला सांगितली. हा नवा ताप आहे, जगभर फिरतोय, त्याला धरून बघायला हवं, असं त्यांनी समजावलं. उत्तम तयार नव्हता. गोदाने गळ घातली. का घातली? बाईंच्या भिडेने, की त्याने एकदा तरी तिचं ऐकावं म्हणून? तो अखेर कोपरावर उठला, गुळणी केली, बाटली बाईंच्या हातात देत म्हणाला, “थुंकी नेऊन काय देव्हाऱ्यात मांडणार काय?” बाई हसल्या. गोदाचं तोंड लाजेने तापलं. पुढे ताप उतरला. तो दिवस तिला लख्ख आठवत होता, कारण त्या दिवशी घर हलकं झालं होतं. आभाळ भरून आलं होतं आणि बांधावरची मिठाची रास अजून गवताने शाकारायची होती. जातो, म्हणाला. त्याच्या कपाळाला तिने हात लावला, कपाळ मडक्यासारखं गार. ती म्हणाली, “जा की.” सकाळपासून त्याची कटकट ऐकून ती वैतागली होती, तो घराबाहेर पडावा असंच तिला वाटत होतं. तो गेला, दिवसभर खारट वाऱ्यात गवताचे भारे वाहिले, संध्याकाळी कुडकुडत आला. छातीत धरलं. मग दोनच दिवस. श्वास घेताना त्याच्या छातीत ओल्या वाळूवरून होडी ओढल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज थांबला तेव्हा सासू, ठमाबाई, चुलीपाशी बसली होती; तिला आधी कळलं, आवाज थांबल्यामुळे.

पुढच्या खेपेला राघो आला तेव्हा गोदाने सांगितलं, अंडी नाहीत. कोंबड्या बसल्यात, घालत नाहीत. राघोने खुराड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आत एक कोंबडी अंडं घातल्यावर ओरडतात तशी खुशाल ओरडत होती. तो रिकामी टोपली घेऊन गेला. गोदाने ती सगळी अंडी वसाहतीत विकली आणि वाटेत तिला थोडं बरं वाटलं, म्हणजे वाटेल असं वाटलं होतं, पण घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं कुठेतरी सांडून गेलं. अंडी दिली नाहीत तर काय होईल? तो पुन्हा निजेल. आणि दिली तर वाढत राहील, या अंड्यातून त्या अंड्यात. त्याला मूल झालं नाही. तिला झालं नाही, असं लोक म्हणत. आता तो असा वाढत होता, तिच्याच खुराड्यातून, आणि वाढत होतं ते काय, तर ज्याने त्याची छाती भरून टाकली तेच. जिवंत होता तेव्हा कोंबड्यांना शिव्या देणारा माणूस शेवटी कोंबड्यांच्या पोटी गेला, असा एक दुष्ट विचार तिला भाकरी थापताना आला आणि ती एकटीच हसली. हसली आणि घाबरली.

ठमाबाईने सगळं ऐकलं होतं. म्हातारीला एका कानाने कमी ऐकू यायचं, पण राघोचा आवाज मोठा. दोन दिवस गेले. मग दुपारी, निवडायला घेतलेले तांदूळ सुपात तसेच ठेवून तिने विचारलं, “गोदे, माजा पोऱ्या तिथं हाय काय?”

गोदाने सांगितलं, की तो नाही, त्याचा ताप आहे. सांगताना तिला स्वतःलाच ते धड कळत नव्हतं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताप त हाय ना त्याचाच? मना बगाचा हाय.”

मग गोदाचा नाइलाज झाला. आणि नाइलाज झाला याचं तिला जरा सुखही वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने अंडी गोळा केली, टोपली भरून, आणि सासूचा हात धरून मुंबईला गेली. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात कसं जाणार?

प्रयोगशाळेत शिरल्यावर स्पिरिटच्या वासाखाली तिला एक ओळखीचा वास आला, खुराड्याचा, आणि ती जागीच थांबली. नीलाबाईंनी टोपली पाहिली, राघोकडे पाहिलं, कोंबड्या बसल्या होत्या ना असं विचारलं नाही. त्यांनी दोघींना बसवलं, पाणी दिलं. आधीच सांगायला हवं होतं तुम्हाला, असं त्या दोनदा म्हणाल्या. आम्हाला हे इतकं रोजचं झालंय की सांगायचं राहून जातं. एक तरुण मुलगी दारातून डोकावून कोणाला तरी विचारत होती, “उत्तम वाढला का?” नीलाबाईंनी हाताने तिला गप्प केलं. गोदाला वाटलं, करू नये गप्प. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, तिने ते कधी घेतलं नव्हतं. सासू ‘पोऱ्या’ म्हणायची. घरात दीड वर्ष ते नाव कोणी उच्चारलंच नव्हतं. इथे ही परकी पोर ते रोज घेत होती, सहज, एखाद्या शेजाऱ्याचं घ्यावं तसं. याचा राग यायला हवा होता. आला का? ती चाचपत राहिली.

उबदार कपाटात अंडी ओळीने उभी होती. पलीकडे एक लाकडी पेटी होती. तिचं झाकण उचललं की पांढरा धूर खाली सांडे, आणि आतल्या बर्फाला ओल नव्हती. नीलाबाईंनी चिमट्याने एक नळी बाहेर काढली. करंगळीएवढी, दोन्हीकडून वितळवून बंद केलेली काच. तळाशी चिमूटभर पांढरं काहीतरी. त्यांनी ती फडक्यात धरून म्हातारीसमोर केली. ठमाबाई वाकली. तिचं सगळं आयुष्य फळीने मीठ ओढण्यात गेलं होतं, तिच्या टाचा अजून त्या मिठाने फाटलेल्या होत्या. ती म्हणाली, “मीठ हाय.”

“तसंच समजा, आजी. वाळवून ठेवलंय.”

“यात तो हाय?”

“नाही. तो नाही. त्याला ज्याने नेलं, ते आहे.”

म्हातारीने मान वर केली. “मंग त्याला येवढा जपून कशाला ठेवला?”

नीलाबाईंनी नळी परत पेटीत ठेवली. गोदाला तो प्रश्न बरा वाटला. मग त्या म्हणाल्या, पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून. असे ताप रूप पालटून येतात. जुना हाताशी नसेल तर नवा किती नवा, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून आम्ही टाकत नाही, एकही टाकत नाही. इथे पेटीत अशी कितीतरी जणांची दुखणी आहेत. ठमाबाई म्हणाली, की चोराला कोणी घरात ठेवत नाही. आणि मग, एवढ्या लांब येऊन जे बघायचं ते बघून झाल्यावर, ती भिंतीला टेकून बसली आणि तिने डोळे मिटले. रडत नव्हती. दमली होती.

नीलाबाई गोदाला बाजूच्या टेबलाशी घेऊन गेल्या. तिथे पांढऱ्या तबकात लहान लहान वाट्यांच्या ओळी होत्या. काहींच्या तळाशी कोंबडीच्या रक्ताचा ठिपका, टिकलीएवढा, अगदी वाटोळा. काहींत ते रक्त पातळ पसरून गेलेलं. ताप एकटा असला की रक्त असं पसरतं, त्या समजावू लागल्या. पण त्याला ओळखणारं, त्या तापातून उठलेल्या माणसाच्या रक्ताचं पाणी आधी मिसळलं, तर ताप अडतो आणि ठिपका खाली बसतो. ही ओळ उत्तमची, परवाच अंड्यातून काढलेली. ही कल्याणची. दोन्हीकडे ठिपका बसलाय, म्हणजे ज्या रक्ताने उत्तमला ओळखलं त्यानेच कल्याणच्यालाही ओळखलं. नवा नाही. त्याचाच वंश, थोडा बदललेला.

“आणि हे ओळखणारं रक्त तुमचं आहे, गोदाबाई. तुम्ही आजारातून उठल्यावर मी काढून घेतलं होतं. आठवतं?”

आठवत नव्हतं. दंडाला सुई टोचल्याचं पुसट काही आठवलं, पण ते उत्तम जाण्याच्या आधी की नंतर, कोण जाणे. ते सगळे दिवस एकमेकांत मिसळले होते. तिचं रक्त इथे होतं. त्याच पेटीत? हो, नीलाबाई म्हणाल्या, त्याच पेटीत, खालच्या खणात. दीड वर्ष ती कोपरीला भाकऱ्या थापत होती, कोंबड्यांना कणी टाकत होती, आणि इथे तिचं रक्त आणि त्याचा ताप एकावर एक निजले होते. तिच्या रक्ताने त्याला ओळखलं होतं. तिला स्वतःला त्याचा चेहरा आठवायचा तर आता डोळे मिटावे लागत, तरीही आधी मानेवरच्या चिराच दिसत. तिने टेबलाची कड धरली. ओळखलं म्हणजे अडवलं, असं बाई म्हणत होत्या. ओळखणं आणि अडवणं एकच कसं असेल? तिने तर त्याला अडवलं नव्हतं.

नीलाबाई बोलत होत्या ते तिला तुटक तुटक ऐकू येत होतं. ताप ओळखीचा निघाला हे बरं झालं. मागच्या साथीत कोण कसं गेलं, हे आम्ही नंतर घरोघर विचारत फिरलो. कितीतरी ठिकाणी एकच दिसलं. ताप उतरला, माणूस उठला, कामाला लागला, आणि मग छातीत धरलं. तेव्हा कल्याणला सांगायला माणसं पाठवलीत, की ताप उतरला तरी आठवडाभर उठू देऊ नका, आणि पुन्हा चढला तर तात्काळ पेनिसिलिन द्या.

“हे उठले होते,” गोदा म्हणाली.

नीलाबाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याविना लहान आणि थकलेले दिसले. “तेव्हा हे आम्हालाही ठाऊक नव्हतं, गोदाबाई.”

बाई खरं बोलत होत्या. कोणालाच ठाऊक नव्हतं. ते ‘जा की’ मात्र तिचं होतं, ते कुठल्या नळीत नव्हतं, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं आणि आताही सांगितलं नाही. परत येताना ठमाबाई खिडकीतून बाहेर बघत एकदाच म्हणाली, की पोऱ्याला थंडी सोसायची नाय, आणि त्याला बर्फात ठेवलाय. मग कळव्याच्या बाजूचे डोंगर दिसायला लागले आणि गोदाला एकदम रतन आठवली. धाकटी बहीण, कल्याणला पारनाक्याच्या मागे राहणारी. चार दिवसांपूर्वी तिथल्या भाजीवालीने निरोप आणला होता, की रतनचा नवरा भिवा तापाने पडलाय, पण काळजीचं कारण नाही. गोदाने तो निरोप ऐकला होता आणि अंड्यांच्या नादात कुठेतरी ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कल्याणला पोचली तेव्हा भिवा उभा होता. सदऱ्याची बटणं लावत होता. रतन डबा भरत होती. ताप काल सांजेलाच उतरला, रतनने हसून सांगितलं, तू कशाला धावत आलीस, बाय? भिवाचे गाल बसले होते, पण तो खुशीत होता. त्याला कारखान्यात जायची घाई झाली होती. गोदाने पिशवी खाली ठेवली आणि त्याला म्हणाली, निजा. आठवडाभर उठायचं नाही. तो हसला.

“अंगात काही नाही आता, ताई. बघा हात लावून.”

तिने हात लावला. कपाळ गार होतं, मडक्यासारखं गार. तिचा हात तिथेच राहिला. हा क्षण तिला माहीत होता, यातून ती एकदा गेली होती, आणि पुढे काय म्हणायचं तेही तिच्या ओठांवर आयतं होतं. तिला नीलाबाईंचं सगळं सांगता येईना. ठिपके, वाट्या, रक्त, सगळ्याचा गोळा झाला. एवढंच म्हणाली, की तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. भिवा म्हणाला, तिकडच्या बाईंना इकडचं काय कळतं, आणि त्याने डबा उचलला. तेव्हा गोदा दाराकडे गेली आणि उंबऱ्यावर बसली. बाईमाणसाने उंबऱ्यावर बसू नये. ती बसली, पाय पसरून, पाठ चौकटीला लावून.

“जायचं तर मला ओलांडून जा.”

“बाय, असं काय करतेस?” रतन कुजबुजली. गल्लीतली दोन माणसं थांबून बघू लागली. भिवा डबा हातात घेऊन उभा राहिला. मोठ्या मेहुणीला ओलांडून जायचं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. त्याचं तोंड रागाने काळवंडलं. त्याने डबा आदळला, सदरा काढून फेकला आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. त्याची पाठ तेवढी दिसत होती. गोदा उंबऱ्यावरून उठली नाही. आपण हे कोणासाठी करतोय, भिवासाठी, रतनसाठी, की दीड वर्षापूर्वीच्या एका दिवसासाठी, हे तिला कळत नव्हतं. कळलं असतं तर कदाचित ती उठलीही असती.

ती राहिली. कोपरीला निरोप धाडला, ठमाबाईने कोंबड्या बघितल्या, राघोला अंडी मिळत गेली. भिवा उठायला बघे, ती दारात बसे. तो तिच्याशी बोलेनासा झाला, रतनही घुश्शात होती. ती पेज करायची, अंडं उकडून द्यायची, त्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि तो हात झटकायचा. एकदा दुपारी त्याला खोकला आला. ती कान देऊन ऐकत बसली, त्या होडीच्या आवाजासाठी. पण तो नुसताच खोकला होता, थांबला. गल्लीच्या टोकाला धाकू म्हणून एक हमाल होता, तोही तापातून उठून कामाला गेला होता; तो छातीत धरून गेला, आणि गल्लीने त्याला खांदा दिला. तर दुसऱ्या एका घरातला माणूस ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पोती उचलत होता आणि त्याला काही म्हणता काही झालं नाही. गोदाने दोघांचाही पुष्कळ विचार केला. त्यातला भिवा कोणता झाला असता? हे नीलाबाईंना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. यासाठी वाटीत कुठला ठिपका बसत नाही. जे झालं नाही ते झालं असतं का, हे कोणत्या पेटीत ठेवलेलं असणार?

आठवडा उलटून गेल्यावर तिने त्याला उठू दिलं. ऊन चांगलं पडलं होतं. भिवा दाढी करून, तेल लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसला, आणि शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलू लागला. त्याचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता. गोदा आत पिशवी भरत होती, लुगड्याची घडी घालत होती. रतन तिच्याकडे न बघता तिच्या पिशवीत पोह्यांची पुरचुंडी कोंबत होती.

“काही झालेलं नव्हतं हो मला,” बाहेर भिवा सांगत होता. “ठणठणीत होतो. उगाच आठवडाभर निजवून ठेवलं बाईनं.”

रतनने कावऱ्याबावऱ्या नजरेने बहिणीकडे पाहिलं. गोदाने घडी घालायची थांबवली होती. म्हातारा काहीतरी हसून म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. हातातलं लुगडं तिने छातीशी धरलं आणि दाराकडे कान देऊन ती तशीच उभी राहिली. तिला वाटलं, त्याने ते आणखी एकदा म्हणावं.